गाजर-मुळ्याचं बी येतं कुठून?

विचारलेला प्रश्न असा: गाजर, मुळा, बीट आपण फुलं यायच्या आधीच उपटून खातो, मग त्यांचं बी येतं कुठून? सोबत एक अनुभवही सांगितला आहे. एक केशरी गाजर मुद्दाम न उपटता कुंडीत ठेवलं. ते छान फुललं, बीही धरलं. पण ते बी पेरल्यावर मोजकीच रोपं उगवली आणि त्यांची मुळं पांढरट, बोटाएवढी बारीक निघाली. चुकलं कुठे?

मी बरीच वर्षं मूळभाज्यांचं बीजोत्पादन करतो आहे. पांढऱ्या गाजराचं कोडं सुटण्यासारखं आहे, पण त्याआधी झाडाच्या बाजूने थोडा विचार करावा लागेल.

आपल्याला गाजर म्हणजे भाजी वाटते. झाडासाठी ती साठवण आहे. गाजर, बीट आणि सलगम ही मुळात दोन हंगामांची झाडं. पहिल्या हंगामात पानं ऊन खातात आणि तयार झालेली साखर खाली मुळात जमा करतात. मग थंडी येते, वाढ थांबते. थंडी सरली की त्याच पुंजीच्या जोरावर झाड कमरेएवढा, कधी छातीएवढा दांडा वर फेकतं, फुलतं, बी धरतं आणि मरून जातं. आपण मधल्या टप्प्यावर, पुंजी भरलेली असताना झाड उपटतो. बियाण्याचं पीक म्हणून वेगळा तुकडा राखलेला असतो आणि त्यातलं एकही मूळ ताटात जात नाही.

दांडा वर आलेलं गाजर एकदा उपटून आडवं कापून बघा. मधला गाभा लाकडासारखा लागतो, सुरी अडकते. बाहेरचा भाग रबरासारखा लिबलिबीत झालेला असतो, गोडी गेलेली असते. साखर फुलाकडे वर गेली आणि उंच दांडा पेलायला गाभ्याचं लाकूड झालं. फुललेला मुळा जरड का लागतो, याचंही कारण हेच. त्याला विष वगैरे काही झालेलं नसतं.

आता झाडाला कसं कळतं की दुसरा हंगाम आला? मुख्यतः थंडीवरून. आणि ही थंडी मूळ किंवा पान मोजत नाही. मुळाच्या डोक्यावर, पानांच्या मधोमध जो टाचणीच्या टोकाएवढा वाढीचा शेंडा असतो, तो मोजतो. गाजराला साधारण 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये 6 ते 10 आठवडे राहावं लागतं. एक-दोन गार रात्रींनी काम होत नाही. शिवाय गाजराचं रोप अगदी लहान असेल, तर थंडी लागूनही ते दाद देत नाही; आधी त्याला पुरेशी पानं फुटलेली असावी लागतात. मुळा आणि सलगम याच्या उलट. त्यांचं नुकतं मोड आलेलं बीसुद्धा थंडी लक्षात ठेवतं. म्हणून फार गारठ्यात पेरलेला मुळा पोसायच्या आधीच फुलावर येतो. बीटला थंडीनंतर लांब दिवसही लागतो. दिवस आखूड असले, तर थंडी मिळूनही ते पानंच काढत राहतं. आणि थंडीनंतर लगेच कडक उष्मा आला, तर आधी झालेला थंडीचा परिणाम पुसलाही जातो. पुष्कळांची कुंडीतली बिटं वर्षानुवर्षं नुसती पानं काढत राहतात, ती यामुळेच.

या भाज्यांमध्ये दोन गट पडतात. कडक हिवाळ्याच्या मुलखात घडलेले वाण भरपूर थंडी मागतात. उष्ण मुलखात पिढ्यान् पिढ्या बी धरून घडलेल्या वाणांना थोडीशी थंडी पुरते, मुळ्याच्या काहींना तर जवळपास लागतच नाही आणि ते एकाच हंगामात पेरणीपासून बियापर्यंत पोचतात. तुमच्याकडे थंडी कमी पडत असेल आणि वाण पहिल्या गटातला असेल, तर काढलेली मुळं ओलसर वाळूत पुरून शीतगृहात किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन महिने ठेवा आणि मग लावा. मी स्वतः असं केलेलं आहे. फक्त त्याच कप्प्यात पिकणारी फळं ठेवू नका, गाजराला कडवटपणा येतो. आणि वाळू चिखलासारखी ओली झाली, तर मुळं सडतात.

आता जे सांगणार आहे, ते माझ्या दृष्टीने या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं. वेळेआधी आलेल्या फुलदांड्याला आपण डेंगळा म्हणतो. वाफ्यात जे झाड सगळ्यात आधी डेंगळा काढतं, त्याचं बी कधीही धरू नका. मोह मात्र त्याचाच होतो, कारण बाकीची झाडं अजून मुळं पोसत असतात आणि हे एकटंच आयतं फुललेलं असतं. मी सुरुवातीला हेच केलं. शंभरेक मुळ्यांमधले सहा-सात लवकर फुलले, बाकीचे भाजीला काढले आणि त्या सहा-सातांचं बी आनंदाने भरून ठेवलं. पुढच्या हंगामात निम्म्याहून जास्त रोपांनी बोटाएवढं मूळ धरलं न धरलं तोच दांडा काढला. घाई त्यांच्या रक्तातच होती आणि मी नेमकी तीच निवडली होती. चांगलं मूळ खाऊन टाकायचं आणि वाईटाचं बी ठेवायचं, असा हा उलटा कारभार दोन-तीन पिढ्या चालला, की वाण हातचा जातो.

म्हणून जाणकार बीजोत्पादक मूळ बघितल्याशिवाय बी धरत नाही. पीक खाण्याजोगं झालं, की सगळीच्या सगळी मुळं उपटायची, ओळीने मांडायची आणि निवडायची. आकार वाणाला धरून आहे का, खांदे हिरवे पडलेत का, फाटे फुटलेत का, साल गुळगुळीत आहे का. गाजराचा खालचा तृतीयांश भाग कापून आत बघायचं: गाभा बारीक आणि बाहेरच्या रंगाशी मिळताजुळता हवा. हा कापलेला तुकडा चाखताही येतो. माझ्या मते चाखलाच पाहिजे, कारण गोडी डोळ्यांना दिसत नाही. मुळ्याचाही खालचा भाग असाच कापतात. आत पोकळ किंवा कापसासारखा निघाला, तर तो बाद. पानं वितीपेक्षा कमी ठेवून छाटायची, पण मधला कोवळा कोंब दुखवायचा नाही. सगळा खेळ त्या कोंबावर आहे. कापलेली जागा एक दिवस सावलीत सुकू द्यायची आणि मग ही बेण्याची मुळं पुन्हा लावायची, डोकं बरोबर मातीच्या पातळीला येईल अशी. डोकं खोल गाडलं तर कोंब कुजतो, उघडं राहिलं तर मूळ सुकतं. अंतर सढळ ठेवा. एका झाडाला दीड फूट जागा सहज लागते, कारण हे झाड आता गाजराचं राहत नाही, झुडपाएवढं होतं.

मुळं न उपटता जागेवरच फुलू देण्याचीही पद्धत आहे. त्यात बी जास्त येतं आणि कष्ट वाचतात, पण मूळ कसं होतं ते कधीच कळत नाही. व्यापारी बीजोत्पादनात शेवटच्या पिढीला ही पद्धत चालते. वाण टिकवायचा असेल, तर मी ती सुचवणार नाही.

आता गाजराचं फूल जवळून बघू, कारण पांढऱ्या मुळांचं कोडं तिथेच सुटतं. दांड्याच्या टोकाला पांढरी छत्री उघडते. तिला अनेक लहान छत्र्या असतात आणि प्रत्येक लहान छत्रीवर फुलांचा झुबका. मुख्य छत्रीत मिळून हजाराहून जास्त फुलं असू शकतात. खाली पिसासारख्या चिरलेल्या हिरव्या पानांची झालर असते, तीच गाजराची खूण. उमलणं कडेकडून मध्याकडे जातं. एक फूल भिंगाखाली धरलं, तर पाच बारीक पाकळ्या आणि पाच पुंकेसर दिसतात. पुंकेसर एकामागून एक उलगडतात, पराग सांडतात आणि गळून पडतात. तोवर स्त्रीकेसर तयारच नसतो. पाकळ्या झडायला लागल्या, की मग मधून दोन नाजूक तंतू लांब होतात आणि त्यांची टोकं पराग घ्यायला तयार होतात. म्हणजे एका फुलाला स्वतःचा पराग मिळणं जवळपास अशक्य. पण त्याच झाडावरची दुसऱ्या फळीची छत्री तेवढ्यात नर अवस्थेत आलेली असते, त्यामुळे माशीने एका छत्रीवरून दुसरीवर उडी मारली, तर एकट्या झाडालाही थोडं बी धरू शकतं. मधमाश्या, तऱ्हेतऱ्हेच्या माश्या, भुंगेरे, गांधीलमाश्या असे शेकडो पाहुणे गाजरावर येतात. फुललेल्या वाफ्याशेजारी उभं राहिलं, तर तो गुंजारव नुसता ऐकत राहावासा वाटतो.

तुमचं गाजर केशरी होतं आणि पोरं पांढरी निघाली. केशरी रंग पांढऱ्यापुढे दबतो, म्हणजे केशरी गाजर मिळायला दोन्ही बाजूंकडून केशरी यावा लागतो. झाडाने स्वतःचाच पराग घेतला असता, तर मुळं केशरीच निघायला हवी होती. पांढरी आणि बारीक निघाली, याचा अर्थ पराग बाहेरून आला, बहुधा रानगाजराचा. रानगाजर आणि आपलं गाजर एकाच जातीचे आहेत, त्यांचा संकर अगदी सहज होतो आणि पहिल्या पिढीत रानटी बाजूच वरचढ ठरते. माशीला किलोमीटरभर अंतर काही वाटत नाही. म्हणूनच बियाण्याच्या गाजराभोवती दुसऱ्या गाजरापासून किमान 800 मीटर ते 1 किलोमीटर अंतर राखतात आणि बांधावरची रानगाजरं फुलायच्या आधी काढून टाकतात.

यात आणखी एक शक्यता आहे. ते गाजर संकरित वाणाचं असेल, तर अशा बऱ्याच वाणांमध्ये मादी झाड मुद्दाम नरवंध्य, म्हणजे पराग न धरणारं, वापरलेलं असतं आणि तो वांझपणा आईकडून पुढे उतरतो. अशा फुलात पुंकेसर एकतर तपकिरी, सुकलेले दिसतात, नाहीतर त्यांच्या जागी हिरवट-पांढऱ्या जादा पाकळ्याच आलेल्या असतात. पराग नावालाही नाही. मग असं झाड पूर्णपणे बाहेरच्या परागावर अवलंबून राहतं. पुढच्या वेळी फूल उमललं, की छत्री काळ्या कागदावर हलकेच झटका. पराग पडला नाही, तर त्या झाडाकडून बी धरण्याचा नाद सोडा आणि सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं, बी मिळवून नव्याने सुरुवात करा.

एक झाड ठेवणं हीसुद्धा चूकच होती. गाजराला जवळच्या नात्यातला संकर अजिबात सोसत नाही. दोन-तीन पिढ्यांत रोपं मलूल होतात, मुळं लहान होतात. घरगुती पातळीवरही निदान 20, आणि वाण नीट टिकवायचा तर 50 किंवा जास्त मुळं एकत्र फुलवावीत. मुळा, सलगम, बीट यांनाही हेच लागू आहे.

मुळ्याकडे वळतो. त्याचं फूल चार पाकळ्यांचं, फुलीसारखं मांडलेलं; पांढरं किंवा फिकट जांभळं, त्यावर गडद शिरा. सहा पुंकेसर, त्यातले चार लांब आणि दोन आखूड. मोहरीच्या घराण्याची ही खूण आहे. मुळ्याचं फूल स्वतःचा पराग ओळखतं आणि नाकारतं. पराग कुक्षीवर पडतो, पण त्याची नळी आत शिरू दिली जात नाही. म्हणून एकटा मुळा कितीही फुलला, तरी शेंगा जवळपास धरत नाहीत. जोडीला दुसरी झाडं आणि मधमाश्या लागतातच. धरलेल्या कोवळ्या शेंगा म्हणजेच डिंगरी. बियाण्यासाठी ठेवलेल्या झाडाच्या डिंगऱ्या तोडू नका, पहिल्या शेंगांमधलं बी सगळ्यात टपोरं असतं. वाळल्यावर ही शेंग तडकत नाही. आत कापसाळ गर असतो आणि बी त्यात रुतून बसतं. हे एका अर्थी बरं, कारण शेतात बी गळत नाही. पण मळणी जिवावर येते. शेंगा कडकडीत उन्हात वाळवून, गोणीत भरून काठीने बडवाव्या लागतात. सलगमचं उलट आहे: शेंग वाळली की तडकते आणि दोन दिवस उशीर झाला, तर बी मातीत. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या, की पहाटे, दंव असतानाच दांडे कापा.

शेजारच्या मोहरीने मुळा बिघडेल का, हे मला बरेच जण विचारतात. मुळ्याला मोहरीची भीती नाही, दोघांच्या प्रजाती वेगळ्या आहेत. सलगमला मात्र आहे, कारण मोहरीवर्गातली काही तेलबियांची पिकं आणि चिनी कोबी ही सलगमचीच भावंडं, एकाच जातीची. मुळ्याचा दूरच्या नातलगाशी संकर करण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. 1920च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ गिओर्गी कार्पेचेंको यांनी मुळा आणि कोबी यांचा संकर केला. बहुतेक झाडं वांझ निघाली, पण काहींत गुणसूत्रं दुप्पट झाली आणि बी धरलं. खाली मुळा आणि वर कोबी मिळेल ही आशा मात्र फळली नाही; मूळ निघालं कोबीसारखं आणि पानं मुळ्यासारखी. तरी दोन वेगळ्या प्रजातींपासून बी धरणारी नवी वनस्पती घडवता येते, हे त्यांनी दाखवलं. माझ्या नजरेत हे काम फार मोठं आहे.

बीटचं फूल अनेकांनी बघूनही बघितलेलं नसतं. पाकळ्या नाहीत, रंग नाही; लांब दांड्यावर हिरव्या ठिपक्यांचे दोन-दोन, चार-चारचे पुंजके. बीटचं लग्न मुख्यतः वारा लावतो. फुलोऱ्यात असताना भर दुपारी दांड्याला टिचकी मारा: पिवळा धूर उठतो आणि बघता बघता निघून जातो. हा पराग इतका हलका, की तो कित्येक किलोमीटर जाऊ शकतो. त्यामुळे बीटच्या बियाण्याला सगळ्यात जास्त अंतर लागतं, दीड किलोमीटर तर कमीत कमी. साखरेचं बीट आणि पालेभाजीसाठीचं स्विस चार्ड ही एकाच जातीची आहेत, त्यांच्यापासूनही जपावं लागतं. बी काढल्यावर एक दाणा तळहातावर घ्या: खडबडीत, कोनाकोनाचा, बुचासारखा. तो दाणा एक बी नसतो. शेजारशेजारची फुलं पिकताना एकमेकांना चिकटून एकच गोळी बनते आणि तिच्यात दोन-तीन, कधी जास्त बिया असतात. म्हणून एक दाणा टाकला, तरी रोपांचा झुबका उगवतो आणि विरळणी करावीच लागते. 1948 साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये व्ही. एफ. सवित्स्की यांना साखरेच्या बीटमध्ये एका दाण्यात एकच बी असलेली मोजकी झाडं सापडली आणि पुढे एकबीजी वाण घडले. खाण्याच्या बीटमध्ये अजूनही बहुतेक जुने वाण झुबक्याचेच आहेत.

रताळं खऱ्या अर्थाने मूळच आहे, पण ते बियाने लावत नाहीत, वेलाच्या काड्यांनी लावतात. त्याला फूल येतं, दिवस आखूड झाले की, फिकट जांभळं भोंग्यासारखं. स्वतःचा पराग तेही नाकारतं. बी धरलंच, तर प्रत्येक बी म्हणजे नवाच वाण, आईसारखा एकही नाही. नवे वाण शोधणाऱ्यांना ते हवं असतं, आपल्याला नाही. बटाटा तर मूळ नव्हेच, जमिनीतलं खोड आहे. त्याच्या हिरव्या फळात बी असतं, पण ते फळ विषारी आहे, लहान मुलांपासून लांब ठेवा.

आता उगवण कमी का झाली, ते बघू. गाजरात सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहीत. मुख्य छत्री आधी, मग दुसरी फळी, मग तिसरी. पहिल्या दोन फळ्यांचं बी धरावं, तिसरीचं सोडून द्यावं. ते हलकं आणि अर्धवट पोसलेलं असतं. फुलल्यापासून बी पिकायला साधारण दीड-दोन महिने लागतात. पिकताना छत्री आतल्या बाजूला मिटत जाते आणि पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसते. बी तपकिरी झालं आणि बोटाने चोळल्यावर सहज सुटलं, की छत्री कापायची. हिरवट असताना कापलेलं बी वाळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण उगवत नाही.

दुसरं कारण ढेकणासारखे रस शोषणारे बारीक कीटक. ते कोवळ्या बीला टोचतात, आतला गर्भ मरतो आणि बी मात्र बाहेरून पूर्ण वाढतं. दिसायला टपोरं, आत रिकामं. शंका असेल तर काही बिया पाण्यात भिजवून उभ्या चिरून भिंगाखाली बघा. गाजराचा गर्भ मुळातच फार छोटा, पांढऱ्या रेघेएवढा असतो. ती रेघच नसेल, तर बी पोकळ.

गाजराच्या बियावर बारीक काटे असतात. दोन तळहातांमध्ये चोळून ते काढा, बी मोकळं होतं आणि हातांना गाजराचा दाट, तिखट सुगंध दिवसभर राहतो. मग उफणायचं, पण अगदी मंद वाऱ्यात. 1 ग्रॅममध्ये 800 च्या आसपास बिया असतात, जोराचा वारा सगळंच घेऊन जातो. सावलीत पूर्ण वाळवून हवाबंद बरणीत, गार जागी ठेवा. गाजराचं बी साधारण 3 वर्षं चांगलं राहतं, मुळा आणि बीटचं 4-5 वर्षं.

तुमच्याकडे त्या झाडाचं बी अजून उरलं असेल, तर त्यावर आणखी मेहनत घेऊ नका; रानटी रक्त शिरलेलं बी पुढच्या पिढीतही पांढरी मुळं देत राहील. नव्या बियाची परीक्षा मात्र पेरण्याआधी करा. 50 बिया ओल्या कागदाच्या घडीत गुंडाळा, कागद सुकू देऊ नका, आणि दोन आठवडे थांबा. गाजर सावकाश उगवतं, चौथ्या-पाचव्या दिवशी घडी उघडून निराश होऊ नका. 50 पैकी 35 ते 40 बियांना मोड आले, तर बी चांगलं. 20 च्या खाली असतील, तर दुप्पट दाट पेरा.